पडद्यावरचे राष्ट्रपती आणि हरसूलचे सोंग

त्र्यंबकच्या घाटापलीकडे हरसूल, पेठ, मोखाडा, जव्हार हा जो डोंगराळ आदिवासी पट्टा आहे, तेथे उन्हाळ्याच्या रात्री बोहाडा रंगतो. टेंभ्यांच्या उजेडात, संबळाच्या तालावर एकामागून एक सोंगे निघतात. गणपती येतो, नरसिंह येतो, रावण येतो. ज्याने मुखवटा चढविला आहे तो त्या रात्रीपुरता देव असतो. बाया त्याला ओवाळतात, म्हातारी माणसे त्याच्यापुढे वाकतात. पहाट झाली की मुखवटा उतरतो आणि देव झालेला तो माणूस पुन्हा नागली-वरईच्या शेताकडे, नाही तर दिंडोरी-निफाडच्या द्राक्षमळ्यांत मजुरीला निघतो. रात्रभर त्याला हात जोडणाऱ्यांपैकी प्रत्येकाला मुखवट्यामागे कोण आहे हे ठाऊक असते. श्रद्धा असते, पण फसवणूक नसते.

त्याच हरसूलमध्ये एका कार्यकर्त्याच्या घरी यंदा संध्याकाळी बसलो असता एक वेगळे सोंग पाहण्यात आले. घरातील तरुण मुलगा हातातल्या मोबाइलवर ‘नायक’ पाहत होता. २००१ साली आलेल्या या हिंदी चित्रपटात शिवाजीराव नावाचा दूरदर्शन-वार्ताहर एका दिवसापुरता महाराष्ट्राचा मुख्यमंत्री होतो आणि चोवीस तासांत राज्य सुतासारखे सरळ करतो. चित्रपट संपल्यावर तो मुलगा म्हणाला, “आपल्याकडं असा एक दिवसाचा मुख्यमंत्री आला पाहिजे. मग पाण्याचं बघा कसं होतं ते.” मुलगा बुद्धिमान आहे, बारावी झालेला आहे. ग्रामसभेला मात्र तो कधी गेलेला नाही. त्याच्या बोलण्यावर हसणे सोपे होते. पण आम्हाला हसू आले नाही. कारण अशी मुले हजारोंनी आहेत, आणि त्यांना राज्यकारभाराचे पहिले आणि बहुधा शेवटचे शिक्षण पडद्यावरूनच मिळते. म्हणून पडद्यावरच्या या काल्पनिक राज्यकर्त्यांचा विचार करमणुकीचा विषय म्हणून सोडून देणे आपल्या चळवळीला परवडणारे नाही.

अमेरिकेत काल्पनिक राष्ट्राध्यक्षांचे पीक उदंड आहे. १९६४ साली स्टॅन्ली क्यूब्रिकच्या ‘डॉक्टर स्ट्रेंजलव्ह’मध्ये पीटर सेलर्सने अणुयुद्धाच्या उंबरठ्यावर दूरध्वनीवरून मिनतवाऱ्या करणारा हतबल अध्यक्ष उभा केला. १९९९ ते २००६ या काळात ‘द वेस्ट विंग’ या मालिकेत मार्टिन शीनने सज्जन, विद्वान अध्यक्ष रंगविला. १९७२ च्या ‘द मॅन’मध्ये जेम्स अर्ल जोन्स, १९९८ च्या ‘डीप इम्पॅक्ट’मध्ये मॉर्गन फ्रीमन आणि २००१ साली सुरू झालेल्या ‘ट्वेंटी-फोर’ मालिकेत डेनिस हेजबर्ट हे कृष्णवर्णीय अध्यक्ष म्हणून पडद्यावर आले. २००८ साली बराक ओबामा प्रत्यक्षात निवडून आले. चित्रपटांमुळे ओबामा निवडून आले असे कोणी म्हणणार नाही. त्यामागे नागरी हक्क चळवळीचा दीर्घ लढा होता, मताच्या हक्कासाठी सांडलेले रक्त होते. तथापि, जी गोष्ट आधी अशक्य वाटते ती डोळ्यांच्या सवयीची करण्याचे काम कलाकृती करू शकते, एवढे मान्य केले पाहिजे.

आपल्याकडे काल्पनिक राष्ट्रपती पडद्यावर फारसे का दिसत नाहीत? याचे उत्तर संविधानात आहे. आपला राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालतो; १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने तर तो सल्ला बंधनकारक असल्याचे स्पष्ट शब्दांत लिहिले गेले. ज्याच्या हाती निर्णय नाही त्याच्याभोवती नाट्य उभे राहत नाही. राहिलेच तर ते उपहासाचे राहते. आणीबाणीच्या काळात, डिसेंबर १९७५ मध्ये, व्यंगचित्रकार अबू अब्राहम यांनी न्हाणीघरातल्या टबात बसून वटहुकमावर सही करून देणारा राष्ट्रपती काढला. त्या वर्षीच्या २५ जूनच्या रात्री फक्रुद्दीन अली अहमद यांनी आणीबाणीच्या घोषणेवर जी सही केली, तिच्यावरचे इतके बोचरे भाष्य दहा अग्रलेखांनाही साधले नसते. त्यामुळे भारतीय लेखकाला सत्ताधीश रंगवायचा असेल तर तो मुख्यमंत्र्याकडे वळतो, आणि राष्ट्रपतीच हवा असेल तर त्याला देशच नवा कल्पावा लागतो.

असा देश अमृत नहाटा यांनी कल्पिला. ‘किस्सा कुर्सी का’ या त्यांच्या चित्रपटात ‘जन गण देश’ नावाचे राष्ट्र आहे. गंगाराम नावाचा एक क्षुल्लक माणूस पुढाऱ्यांच्या कारस्थानातून त्या देशाचा अध्यक्ष होतो. मनोहर सिंह यांनी ही भूमिका केली. ‘जनता’ नावाची मुकी मुलगी त्याच्याकडे आशेने पाहत राहते. ती शबाना आझमी यांनी केली. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की नहाटा हे त्या वेळी सत्ताधारी काँग्रेसचेच राजस्थानातील खासदार होते. १९७५ साली चित्रपट सेन्सॉरकडे गेला, सरकारने हरकतींची जंत्री पुढे केली, तेवढ्यात आणीबाणी आली आणि चित्रपटाच्या फिती जप्त होऊन नष्ट झाल्या. गुडगावच्या मारुती कारखान्याच्या आवारात त्या जाळल्या गेल्याचा खटला पुढे उभा राहिला. १९७९ साली सत्र न्यायालयाने संजय गांधी व विद्याचरण शुक्ल यांना दोषी ठरविले. १९८० साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांची मुक्तता केली. नहाटांनी चित्रपट पुन्हा चित्रित केला आणि १९७८ साली तो लोकांपुढे आला. कलाकृती म्हणून तो फार थोर आहे असे नाही. पण एका खोट्या राष्ट्रपतीची खऱ्या सत्तेला एवढी धास्ती वाटावी, हा त्या काळाविषयीचा सर्वांत बोलका पुरावा आहे.

महाराष्ट्राने याच सुमारास अधिक परिपक्व गोष्ट केली. अरुण साधू यांच्या ‘मुंबई दिनांक’ व ‘सिंहासन’ या कादंबऱ्यांवरून विजय तेंडुलकर यांनी पटकथा लिहिली आणि जब्बार पटेल यांनी १९७९ साली ‘सिंहासन’ पडद्यावर आणला. अरुण सरनाईक यांचे मुख्यमंत्री जिवाजीराव शिंदे, डॉ. श्रीराम लागू यांचे अर्थमंत्री विश्वासराव दाभाडे, सतीश दुभाषी यांचा कामगारपुढारी डिकास्टा आणि हे सारे जवळून पाहणारा निळू फुले यांचा पत्रकार दिगू टिपणीस ही माणसे आजही मराठी माणसाच्या स्मरणात आहेत. जिवाजीराव राक्षस नाहीत. ते हुशार, संयमी आणि प्रसंगी लोभसही वाटणारे गृहस्थ आहेत. पण त्यांची सारी बुद्धी खुर्ची टिकविण्यातच खर्च होते, आणि राज्यातला दुष्काळ हा त्या खेळातील एक प्यादे ठरतो. हे दाखविण्यासाठी दिग्दर्शकाला कोणाला शिव्या द्याव्या लागल्या नाहीत. सत्तेची यंत्रणा कशी चालते एवढेच त्याने दाखविले. संताप प्रेक्षकावर सोपविला. या चित्रणासाठी मंत्रालयाची दारे उघडण्यात आली होती, हेही नमूद केले पाहिजे. फिती जाळणारी सत्ता आणि चित्रणाला जागा देणारी सत्ता यांत चारच वर्षांचे अंतर होते; मध्ये १९७७ ची निवडणूक होती.

त्याआधी १९७५ मध्ये बर्लिनच्या महोत्सवात गेलेल्या ‘सामना’ने साखर कारखानदारीच्या आश्रयाने वाढलेला ग्रामीण सत्ताधीश दाखविला होता. हिंदुराव धोंडे-पाटील हा कोणत्याही देशाचा अध्यक्ष नाही. पण आपल्या टापूत तो राष्ट्राध्यक्षाहून कमी नाही. त्याच्या साम्राज्याला हादरा बसतो तो एका दारुड्या मास्तराच्या साध्या प्रश्नाने. नाहीशा झालेल्या एका माणसाचे काय झाले, एवढेच तो विचारीत राहतो. कार्यकर्त्याच्या कामाची याहून चांगली व्याख्या आम्हाला ठाऊक नाही.

आता ‘नायक’कडे पुन्हा वळू. १९९९ च्या ‘मुदल्वन’ या तमिळ चित्रपटाची ही शंकर यांनी स्वतःच केलेली हिंदी आवृत्ती. तिच्यातील मुख्यमंत्री रस्त्यावर उभा राहून भ्रष्ट अधिकाऱ्यांना निलंबित करतो, जागेवर आदेश टंकलिखित होतात, लोक टाळ्या वाजवितात. या राज्यात विधानसभेत चर्चा होत नाही, जिल्हा परिषद दिसत नाही, निलंबिताची चौकशी नसते, अंदाजपत्रक तर नसतेच. शेवट तर अधिकच विचार करण्याजोगा आहे. नायक स्वतःवर गोळी झाडून घेतो, पिस्तूल प्रतिस्पर्ध्याच्या हाती फेकतो आणि सुरक्षारक्षकांकरवी त्याचा जीव घेववितो. म्हणजे कायद्याचे राज्य आणायला निघालेला माणूस कायद्यालाच बगल देऊन विजयी होतो, आणि प्रेक्षक सुटकेचा निःश्वास टाकतो. जिवाजीरावांना पाहून मनात संशय जागा होतो; शिवाजीरावांना पाहून तो झोपी जातो. एका सोंगाने मुखवटा दाखविला, दुसऱ्याने तो झाकला.

ही केवळ आपलीच व्यथा नाही. युक्रेनमध्ये २०१५ साली ‘लोकांचा सेवक’ या अर्थाच्या नावाची एक विनोदी मालिका सुरू झाली. भ्रष्टाचारावर संतापून बोलणारा इतिहासाचा एक साधा शिक्षक योगायोगाने राष्ट्राध्यक्ष होतो, अशी तिची कथा. ती भूमिका करणारे व्होलोदिमिर झेलेन्स्की एप्रिल २०१९ मध्ये सुमारे ७३ टक्के मते मिळवून खरोखरीच राष्ट्राध्यक्ष झाले, आणि त्यांच्या पक्षाचे नावही मालिकेचेच होते. २०२२ च्या रशियन आक्रमणानंतर त्यांच्या वाट्याला जे आले ते कोणत्याही पटकथाकाराने लिहिलेले नव्हते, आणि त्या कसोटीच्या वेळी ते राजधानी सोडून गेले नाहीत. त्यांच्या धैर्याला उणेपणा आणण्याचा येथे हेतू नाही. पण त्याच मालिकेत तो सज्जन शिक्षक भर संसदेत खासदारांवर बंदुकीच्या फैरी झाडीत असल्याचे दिवास्वप्न पाहतो, हे विसरता येत नाही. कीव्हचा शिक्षक असो की मुंबईचा वार्ताहर, लोकांच्या लाडक्या काल्पनिक राज्यकर्त्याला लोकप्रतिनिधींचे सभागृह अडगळ वाटते. आपल्याकडे एन. टी. रामाराव यांनी मार्च १९८२ मध्ये पक्ष काढला आणि जानेवारी १९८३ मध्ये ते आंध्रचे मुख्यमंत्री झाले. पडद्यावरचा देव मंत्रालयात येऊन बसू शकतो हे सिद्ध झाले. त्याला मुखवटा उतरवायला कोणी सांगायचे, हा प्रश्न मात्र शिल्लक राहिला.

येथपर्यंतचे विवेचन आपल्या वाचकांना सहज पटेल, कारण त्यात दोष इतरांचा आहे. पण आपल्या आवडीच्या चित्रपटांनाही एक प्रश्न विचारला पाहिजे. ‘किस्सा कुर्सी का’मधील जनता मुकी का आहे? ‘सिंहासन’च्या शेवटी दिगू टिपणीसाला वेड का लागते? एका बाजूला लोकांसाठी सर्व काही एकट्याने करणारा नायक आहे, आणि दुसऱ्या बाजूला काहीच होणार नाही असे सांगणारी विषण्णता आहे. दोन्हींच्या पटकथेत एक पात्र गाळलेले आहे. ते पात्र म्हणजे संघटित झालेली, स्वतः बोलणारी जनता. भाबडेपणा आणि वैफल्य ही एकाच नाण्याची दोन अंगे आहेत. आज ज्याला तारणहार हवा असतो, तोच उद्या सगळे चोर आहेत म्हणून घरी बसतो. आपल्या चळवळीतही थोर नेत्याची वाट पाहण्यात आणि तो मिळाल्यावर त्याच्या तसबिरी लावण्यात किती वर्षे गेली, याचा हिशेब प्रत्येकाने आपापल्या मनाशी करावा.

ते गाळलेले पात्र हरसूलच्या माणसांनी पाहिलेले आहे. ६ मार्च २०१८ रोजी नाशिकहून निघालेला शेतकऱ्यांचा मोर्चा सुमारे १८० किलोमीटर चालून १२ मार्चला मुंबईच्या आझाद मैदानावर पोहोचला. त्यातील बहुसंख्य माणसे नाशिक जिल्ह्याच्या पश्चिमेकडील आणि लगतच्या आदिवासी तालुक्यांतील होती. मोर्चा किसान सभेचा होता, आपल्या पक्षाचा नव्हता. म्हणून त्याचे मोल कमी होत नाही. वनहक्क कायदा २००६ साली झाला असूनही कसत असलेली जमीन नावावर होत नाही, ही त्यांची मुख्य तक्रार होती. पायांना फोड आलेल्या म्हाताऱ्या बायांनी, दहावीची परीक्षा देणाऱ्या मुलांना अडचण होऊ नये म्हणून शेवटचा टप्पा रात्रीतून चालून काढला. राज्य सरकारला लेखी आश्वासन द्यावे लागले. त्या आश्वासनांची पूर्तता अपुरी राहिली, म्हणून लोकांना पुन्हा पुन्हा रस्त्यावर उतरावे लागले. लोकशाहीचे खरे नाट्य हे असे असते. ते एका दिवसात संपत नाही. पण त्या सहा दिवसांत जे घडले ते चोवीस तासांच्या कोणत्याही मुख्यमंत्र्याला साधणारे नव्हते, कारण चालणाऱ्यांपैकी प्रत्येक जण स्वतः काही करीत होता.

आणि राष्ट्रपती? येथे एक गोष्ट आपल्या कार्यकर्त्यांनी नीट समजून घेतली पाहिजे. पुण्या-मुंबईच्या नागरिकाला राष्ट्रपती हे केवळ शोभेचे पद वाटले तर ते क्षम्य आहे. हरसूलला तसे म्हणता येणार नाही. संविधानाच्या पाचव्या अनुसूचीप्रमाणे अनुसूचित क्षेत्र राष्ट्रपतीच जाहीर करतात. महाराष्ट्रातील अशी क्षेत्रे १९८५ च्या आदेशाने निश्चित झाली आणि हरसूलचा परिसर त्यांत आहे. या क्षेत्राच्या कारभाराविषयी राज्यपालांनी दरवर्षी, किंवा राष्ट्रपती मागतील तेव्हा, राष्ट्रपतींना अहवाल दिला पाहिजे असे त्या अनुसूचीचे तिसरे कलम सांगते. एखादा कायदा या क्षेत्राला लागू होऊ नये असा आदेश राज्यपाल काढू शकतात. जमिनीच्या हस्तांतरावर बंधन घालणारे नियम ते करू शकतात. त्या नियमांना राष्ट्रपतींची संमती लागते. १९९६ च्या पेसा कायद्याने तर ग्रामसभेलाच आपल्या साधनसंपत्तीविषयी अधिकार दिले, आणि महाराष्ट्राने त्याचे नियम २०१४ साली केले. म्हणजे दिल्लीचे राष्ट्रपती भवन आणि हरसूलच्या पाड्यावरची ग्रामसभा यांच्यामध्ये संविधानाने एक सरळ वाट आखून ठेवली आहे. ती वापरात नसल्यामुळे तिच्यावर गवत माजले आहे, एवढेच.

२०२२ साली द्रौपदी मुर्मू राष्ट्रपती झाल्या तेव्हा या पदावर प्रथमच आदिवासी व्यक्ती आली. आमच्या पाहण्यात तरी त्याआधी एकाही मोठ्या चित्रपटाने आदिवासी राष्ट्रपतीची कल्पना केलेली नव्हती; बहुतेक चित्रपटांतील आदिवासी ढोलाच्या तालावर नाचण्यापुरता येतो. १९७७ चा ‘जैत रे जैत’ ठाकर समाजाकडे प्रेमाने पाहतो, पण असे अपवाद थोडे. या बाबतीत वास्तव कल्पनेच्या पुढे गेले, याचा आनंद मानावा. परंतु तसबीर भिंतीवर लागली म्हणून विहिरीला पाणी येत नाही. मुर्मू झारखंडच्या राज्यपाल असताना, २०१७ साली, छोटानागपूर व संथाल परगणा येथील आदिवासींच्या जमिनीविषयीच्या कायद्यांत बदल करणारी विधेयके त्यांनी सरकारला परत पाठविली होती. त्याआधी तेथील जनतेने त्या बदलांविरुद्ध रान उठविले होते, हे ध्यानात ठेवावे. पदावरची व्यक्ती कोण, याला महत्त्व आहेच. त्या पदाच्या दारावर कोण थाप मारीत आहे, याला त्याहून अधिक आहे.

तेव्हा करावयाचे काय? ‘नायक’ पाहू नका असे त्या मुलाला सांगण्यात अर्थ नाही. करमणुकीवर नाक मुरडणारा कार्यकर्ता लोकांपासून दूर जातो, आणि कलाकृतींवर बंदी घालणे हे तर फिती जाळणाऱ्यांचे काम. आमची सूचना साधी आहे. शाखांनी आपापल्या गावी शाळेच्या भिंतीवर पडदा टांगून ‘सिंहासन’ दाखवावा, ‘सामना’ दाखवावा, ‘नायक’ही दाखवावा, आणि दिवे लागल्यावर कोणी घरी जाण्याआधी तासभर चर्चा करावी. या मुख्यमंत्र्याला हा अधिकार कोणत्या कायद्याने मिळाला? पैसा कोठून आला? निलंबित झालेल्याचे म्हणणे कोणी ऐकले? आणि आपल्या गावचे पाणी अडले आहे ते नेमके कोणाच्या सहीवाचून? भरपूर पावसाच्या या मुलखात उन्हाळ्यात बायांना डोक्यावर हंडे घेऊन डोंगर उतरावा लागतो. त्या सहीचा माग काढला तर तो बहुधा मुंबईला न पोहोचता वाटेतल्याच एखाद्या कार्यालयात सापडेल.

त्यापुढचे पाऊल ग्रामसभेचे. आपल्या क्षेत्राविषयी राज्यपालांनी राष्ट्रपतींना पाठविलेला वार्षिक अहवाल मराठीत आम्हाला वाचावयास मिळावा, असा ठराव अनुसूचित क्षेत्रातील प्रत्येक ग्रामसभेला करता येईल. तो अहवाल आला तर त्यात आपले गाव कसे दिसते ते मोठ्याने वाचावे. आला नाही तर पुन्हा ठराव करावा. यात टाळ्या मिळणार नाहीत. कागद वाढतील, खेटे घालावे लागतील, थकवा येईल. पण राष्ट्रपती हे पडद्यावरचे पात्र नसून आपल्याला उत्तरदायी असलेल्या व्यवस्थेचा एक भाग आहे, हे त्या मुलाला याहून चांगल्या रीतीने शिकविता येणार नाही.

निघताना आम्ही त्याला विचारले, “बोहाड्यात तुझ्या घराकडे कोणते सोंग असते?” त्याने अभिमानाने सांगितले. “आणि सकाळी मुखवटा कोण उतरवतो?” तो जरा थांबून म्हणाला, “ज्यानं घातला तोच. पण बाकीचे थांबलेले असतात ना, उतरवल्याशिवाय कोणी घरी जात नाही.” राज्यकर्त्यांच्या बाबतीतही लोकांनी एवढेच करावयाचे आहे. मुखवटा उतरेपर्यंत घरी जावयाचे नाही. पुढच्या ग्रामसभेला येण्याचे त्याने कबूल केले आहे. तो येतो की नाही हे पाहण्याची जबाबदारी हरसूलच्या आपल्या सहकाऱ्यांवर सोपवून आम्ही परतलो.